त्यांना उठवत नाही आम्ही

नवरा-बायकोला एका छोट्या खोलीत आठवडाभर कोंडायचं आणि त्याला सहल म्हणायचं, ही कल्पना मुळात जहाज कंपन्यांची. या दोघांच्या बाबतीत ती त्यांच्या मुलाने अमलात आणली.

मुलाचा हेतू वाईट नव्हता. अगदी शुद्धही नव्हता. नुकतीच त्याने बापाकडून बेकरी ताब्यात घेतली होती, जुनी भट्टी पाडली होती आणि तिच्या जागी विजेवर चालणारा, आपला आपण तापणारा, आपला आपण थंड होणारा आणि काम झालं की शिट्टी वाजवणारा एक चकचकीत ओव्हन आणून बसवला होता. त्यामुळे रात्रभर जागायची गरज कुणालाच उरली नाही. बाप तरीही जागत होता. रात्री खाली येऊन, ओव्हनसमोर स्टूल टाकून, पोलिसाने संशयिताकडे बघावं तसा तो त्याच्याकडे बघत बसे. शिट्टी वाजली की म्हणे, "एवढं ओरडायला काय झालं?" शेवटी सून म्हणाली, "बाबांना जरा कुठेतरी पाठवायला हवं." कुठेतरी म्हणजे जिथून चालत घरी परत येता येत नाही असं ठिकाण, असा मुलाने अर्थ लावला आणि जहाजाची दोन तिकिटं काढली.

तर बेकर आणि त्याची बायको जहाजावर आले. आता हे लग्न कसं चालत होतं ते आधी सांगायला हवं.

बेकर उठायचा संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या सुमारास. रात्रभर पीठ मळायचं, पहाटेपर्यंत पाव भट्टीतून काढायचे, सकाळची गर्दी ओसरली की वरच्या खोलीत जाऊन झोपायचं, हा त्याचा दिवस. बायको पहाटे उठून खाली यायची, काउंटर मांडायची, दिवसभर विकायची, रात्री वर जाऊन झोपायची. पलंग एकच होता. तो सहसा रिकामा नसे आणि त्यावर सहसा दोघं नसत. बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद असे आणि मुलगा एकच आहे. याहून अधिक चौकशी कुणी करू नये.

दोघांची भेट जिन्यात व्हायची. तो उतरत असायचा, ती चढत असायची, किंवा उलट.

"मैदा उद्यापुरता आहे."

"बरं."

"मोरीचा नळ गळतोय."

"बघतो."

"त्याला ताप होता. उतरलाय."

"बरं."

एवढ्या संभाषणावर त्यांनी मुलगा वाढवला, सासूचं लांबलेलं आजारपण काढलं, मुलाचं लग्न लावलं. गल्लीत हे जोडपं आदर्श समजलं जाई, कारण त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

आवाज न होऊ देणं ही तर बायकोची खासियतच होती. वर नवरा झोपलाय म्हटल्यावर दुपारभर तिच्या दुकानात लोक देवळात बोलावं तसे बोलत. शेजारच्या सुताराने दुपारची ठोकाठोकी तिच्या धाकाने सोडून दिली होती. पोरांचे चेंडू तिच्या माळ्यावर जमा होत. दाराची बिजागरी ती तेलपाणी करून अशी ठेवी की दार उघडलेलं माशीलाही कळू नये. नवऱ्यावर प्रेम आहे का, असं तिला कुणी विचारलं असतं तर ती गोंधळली असती. पण त्याच्या झोपेसाठी ती खून करील याबद्दल गल्लीत कुणालाच शंका नव्हती.

आणि आता नवऱ्याला रात्रपाळी नव्हती. म्हणजे यापुढे दोघांनी एकाच वेळी उठायचं, एकाच वेळी जेवायचं, समोरासमोर बसायचं. तिची याबद्दल तक्रार नव्हती, भीती होती. माणूस सज्जन होता, कष्टाळू होता, पण तिच्या ओळखीचा नव्हता. अनोळखी माणसाबरोबर राहायची धमक तिच्यात विशीत होती. आता पन्नाशी उलटल्यावर नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीचं स्वतःचं घर होतं, मागच्या अंगाला वेगळ्या दाराची एक खोली होती, आणि धाकटी एकटीच असे. "ये की इकडे," धाकटी म्हणाली होती. "भांडून नको येऊस. नुसती ये." अडचण एवढीच होती की जवळच्या दवाखान्यातली एक नर्स त्याच खोलीसाठी धाकटीच्या मागे लागली होती आणि आज संध्याकाळी तिला हो किंवा नाही सांगायचं होतं.

"आजचा दिवस बघते आणि कळवते," बायको म्हणाली होती. एक दिवस सलग नवऱ्याबरोबर काढायचा आणि संध्याकाळी निकाल लावायचा. तिच्या मते ही मुदत उदार होती. केक जमला की नाही हे कळायला याहून कमी वेळ लागतो.

नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. जिन्यात सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

जहाजावर चढताना एका हसऱ्या मुलीने दोघांना चिकटून उभं राहायला सांगितलं आणि फोटो काढला. "अजून जवळ, अजून जवळ," ती म्हणत होती. दोघं एकमेकांना वाट करून दिल्यासारखे बाजूला सरत होते. शेवटी मुलीने हार मानली.

लिफ्टमध्ये बायको सवयीने म्हणाली, "साखर संपत आलीय."

"बरं," बेकर म्हणाला. मग दोघांच्याही लक्षात आलं की साखर आता मुलाची होती. दोघंही दारावरचे मजल्यांचे आकडे बघू लागले.

खोली नेटकी होती. खिडकी होती, आरसा होता, पलंगावर टॉवेल दुमडून केलेला हंस बसवला होता. बेकर आणि त्याची बायको, दोघंही एकाच वेळी पलंगाच्या डाव्या बाजूला गेले आणि दोघांनीही आपापला चष्मा त्याच छोट्या टेबलावर ठेवला. घरी पलंगाची उजवी बाजू कागदी पिशव्यांचे गठ्ठे ठेवायला वापरत. तिथे माणूस झोपू शकतो हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"झोपा ना तुम्ही," ती म्हणाली. "तुमची वेळ झालीय."

"नको, तू पड."

"मी कशाला पडू दुपारची? माझी रात्र आहे."

"हां. मग रात्री तू घे."

"आणि तुम्ही कुठे जाणार रात्री?"

बेकरने विचार केला. "फिरेन. एवढं मोठं जहाज आहे. रात्री कुठेतरी काम चालूच असणार."

तिने हंसाकडे बघितलं. परीक्षेचा पहिला प्रश्न होता आणि पेपर कोराच गेला होता.

जेवायला गेले तर तिथे त्यांच्या टेबलावर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको आधीच स्थिरावले होते. डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून एकट्यानेच बोलायची सवय लावून घेतली होती. हे त्यांचं कितवं तरी जहाज होतं. आधीची सगळी याच्यापेक्षा बरी होती.

"तुमचे हे काय करतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाव," ती म्हणाली.

"आणि आवड कशाची?"

"झोपतात."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना वाटलं, विनोद आहे. बेकर तोपर्यंत खरोखरच पेंगायला लागला होता. त्याची मान सूपच्या दिशेने निघाली होती.

वाढपी चहा घेऊन आला. "साहेबांना साखर?"

"दोन चमचे," बायको म्हणाली.

"बिनसाखरेचा," बेकर त्याच क्षणी म्हणाला.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. दातात कीड सापडल्यावर त्यांचा चेहरा असाच होत असावा. "नवीन लग्न का?" त्यांनी विचारलं.

बायकोचे कान तापले. तो रात्री स्वतःचा चहा स्वतः करून घेत असे. तिला फक्त सकाळी विसळायचा कप दिसे. तेवढ्यावरून तिने बरंच काही ताडलं होतं. त्याला कप उपडा ठेवायची सवय नाही. हात पिठाचे असताना तो दिवा कोपराने लावतो. कसली चिंता असली की तो लादी दोनदा पुसतो. चोर सापडायच्या आधी तपास करणाऱ्याला जेवढं माहीत असतं, तेवढं तिला माहीत होतं. साखर राहून गेली होती.

जेवून खोलीत आल्या आल्या बेकर डाव्या बाजूला आडवा झाला आणि तिने पडदा ओढला. थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. निदान इथे तिला काय करायचं ते कळत होतं. चपला हातात घेऊन ती बाहेर आली आणि 'कृपया त्रास देऊ नये' ही पाटी तिने दाराच्या मुठीला अडकवली. अशी पाटी छापून मिळते हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. घरी तिला सगळं तोंडाने करावं लागलं होतं.

वरच्या डेकवर जाऊन तिने धाकटीला फोन लावला.

"काय ठरलं ताई?"

"बघतेय."

"अजून काय बघायचंय? एवढी वर्षं बघितलंस ना?"

"बघितलं कुठे गं? तीच तर भानगड आहे."

"आत्ता काय करतायत दाजी?"

"झोपलेत."

"बघ म्हणजे. तिथे जाऊनही झोपलेतच."

"त्यांची वेळ आहे ती," बायको जरा फणकाऱ्याने म्हणाली.

"हे बघ, जहाज निघालं की तुझा फोन लागायचा नाही. निघायच्या आत सांग. ती नर्स सामानासकट यायला तयार आहे. मला मेलीला दोघींच्या मध्ये लटकवू नकोस."

"सांगते," ती म्हणाली. सांगण्यासारखं आता तिच्याकडे जवळजवळ तयारच होतं. तोंडातून काढायचं तेवढं राहिलं होतं. ते काढायला ती तोंड उघडणार, इतक्यात भोंगा झाला.

भोंगा साधासुधा नव्हता. मेलेल्याने उठून बसावं असा होता. पाठोपाठ घोषणा सुरू झाली, की सर्व प्रवाशांनी जीवरक्षक जॅकेट घेऊन आपापल्या ठिकाणी जमावं, सराव आहे, सराव सक्तीचा आहे. डेकवरचे लोक कुरकुरत जिन्याकडे निघाले. बेकरच्या बायकोच्या मनात एकच गोष्ट आली: ते उठतील!

ती धावली. या वयात माणूस जीव वाचवायला जेवढा धावतो त्याच्यापेक्षा जास्तच धावली. खोलीचं दार तिने उचलून धरल्यासारखं अलगद उघडलं. दाराच्या वर बसवलेल्या स्पीकरच्या जाळीतून भोंगा खोलीत ओतला जात होता. तिने खुर्ची ओढली नाही, उचलून आणली. तिच्यावर चढली आणि टॉवेलचा हंस मानेसकट त्या जाळीत कोंबून टाकला. आवाज बसला. बेकर कुशीवर वळला आणि पुन्हा घोरू लागला. तिने कपाटातून दोनपैकी एक जॅकेट काढलं, दार ओढून घेतलं आणि सरावाला गेली.

तिच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. घरात बँकेचा माणूस येवो, मास्तर येवोत, मयताचा निरोप येवो, दुपारी काय असेल ते ती ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी जिन्यात त्याला सांगायची. जहाज बुडताना काय करायचं, हा तसलाच एक निरोप होता.

जमायची जागा म्हणजे तेच जेवणाचं दालन. फुगलेल्या केशरी जॅकेटांत लोक कोंबून बसले होते. पांढऱ्या कपड्यांतला, टोपी घातलेला एक तरुण अधिकारी एकेका खोलीची हजेरी घेत होता.

"तुमच्या खोलीत दोघं आहेत, बाई."

"हो."

"दुसरे कुठे आहेत?"

"झोपलेत."

"त्यांना बोलावून आणा."

"त्यांना उठवत नाही आम्ही."

टोपीवाल्याने हे नीट ऐकू आलं नसावं असं समजून पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं; आवाजात राग नव्हता, माहिती होती.

"तुम्ही मला सांगा ना काय ते," ती समजुतीने म्हणाली. "मी संध्याकाळी सांगते त्यांना. माझ्याकडून निरोप चुकत नाही. हवं तर सुनेला विचारा."

"बाई, हा निरोपाचा प्रश्न नाही. उद्या खरंच जहाज बुडायला लागलं तर?"

"दुपारी?"

"समजा दुपारी."

पेच खरा होता. "अगदीच बुडायला लागलं तर उठवीन की," ती म्हणाली. "मी काय वेडी आहे?"

मागे कुणीतरी फसकन हसलं. टोपीवाला हसला नाही. एक जरी प्रवासी हजर नसला तरी जहाज जागचं हलत नाही, असा नियम त्याने सांगितला. मग त्यांच्या खोलीचा नंबर सगळ्या जहाजभर पुकारण्यात आला. एकदा, दोनदा, बऱ्याचदा. कुणी आलं नाही. हंस आपलं काम चोख करत होता. जॅकेटांत माणसं उकडू लागली. पोरं रडू लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले की आधीच्या जहाजावर असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुमच्या एका माणसाच्या झोपेपायी आम्ही सगळ्यांनी उकडून मरायचं का?"

"रात्रभर उभं राहून पाव कोण करतं मग? सकाळी खाताना बरं वाटतं!" ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दुकानातला पाव आयुष्यात खाल्ला नव्हता, पण त्या ओशाळल्या.

शेवटी टोपीवाल्याने खिशातून सगळ्या खोल्या उघडणारी किल्ली काढली. तशी ती उठली. "तुम्ही नका उघडू. मी येते."

कॉरिडॉरमधून दोघं चालू लागले. थोडं गेल्यावर ती थांबली. "तुमचे बूट वाजतायत."

"बाई, आपण त्यांना उठवायलाच चाललोय."

"म्हणून काय दचकवून उठवायचं?"

जहाजाचा तो अधिकारी, ज्याच्या एका खुणेवर नावा खाली सोडल्या जात, चवड्यांवर चालू लागला.

दाराशी तिचे पाय अडखळले. तिने आयुष्यात नवऱ्याला उठवलं नव्हतं. तो आपला आपण उठायचा. उठवतात कसं? खांद्याला हात लावतात की दुरून हाक मारतात? मुलाला ती पांघरूण ओढून उठवायची, पण ते इथे बरं दिसलं नसतं. ती आत गेली. बेकर पालथा पडला होता. तिने पलंगाशी वाकून हळूच म्हटलं, "अहो."

बेकरने डोळे न उघडता विचारलं, "झाला फोन?"

ती सरळ झाली. "कसला फोन?"

"धाकटीला. खोलीचा."

दारात टोपीवाल्याने आपली टोपी काढली आणि ती आतून कशी शिवली आहे ते बघू लागला.

बेकर उठून बसला. चष्मा शोधताना त्याच्या हाताला आधी तिचा लागला, तो त्याने बाजूला ठेवला. "वरच्या खोलीत सगळं ऐकू येतं गं," तो म्हणाला. "फळ्यांची जमीन आहे. काउंटर बरोबर पलंगाखाली येतो."

"तुम्ही तर झोपलेले असता!"

"दुपार कलायच्या आत जाग येते मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. एवढा वेळ कोण झोपेल? तान्हं बाळ आहे का मी?"

"मग खाली का नाही आलात कधी?"

"तू सुताराला गप्प केलंस, पोरांना हाकललंस, बँकेच्या माणसाला कुजबुजायला लावलंस. एवढं सगळं तू माझ्या झोपेसाठी करणार आणि मी जांभया देत खाली येऊन उभा राहणार? बरं दिसलं नसतं. पहिल्या वर्षी सांगायचं राहून गेलं. मग सांगण्यासारखं राहिलं नाही."

"पण तुम्ही घोरता! मी स्वतः ऐकते!"

बेकरने खिडकीकडे बघितलं. "ते अधूनमधून मुद्दाम करतो," तो म्हणाला. "तुला खात्री वाटावी म्हणून."

टोपीवाल्याला खोकला आला. तो त्याने टोपीत खोकून घेतला.

ती पलंगावर बसली, उजव्या बाजूला. इतक्या वर्षांच्या दुपारी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. सासूबद्दल ती काय काय बोलली होती. तिने गिऱ्हाइकांच्या नकला केल्या होत्या. मुलगा पहिल्यांदा नापास झाला तेव्हा ती काउंटरमागे एकटी रडली होती. "सगळं ऐकलंत?"

"बरंचसं. तुझ्या नकला चांगल्या असतात. पोस्टमनची तर फारच." मग तो म्हणाला, "करमायचं मला."

"आणि खोलीचं ऐकून गप्प बसलात?"

"तू ते मला नव्हतीस सांगत. धाकटीला सांगत होतीस."

"आणि आत्ता? अख्खं जहाज तुमच्या नावाने बोंब मारतंय!"

"भोंगा ऐकला मी. तू आलीस, टॉवेल कोंबलास, गेलीस. म्हटलं, हिला निवांत फोन करायचा असेल. मी उठून तुझ्याबरोबर आलो असतो तर माझ्यासमोर कसा केला असतास?"

"साहेब," दारातून टोपीवाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "तेवढं जॅकेट घालून घेतलंत तर बरं होईल."

दालनात शिरल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरला वाटलं, ही इथली रीत असावी, म्हणून त्याने मान लववली. सराव पार पडला. शिट्टी कुठे असते, पट्टा कसा ओढायचा, कुठल्या दाराने बाहेर पडायचं, सगळं त्याने मन लावून ऐकलं. बायकोला एक अक्षरही कळलं नाही. ती त्याच्या कानांकडे बघत होती. साधेच कान होते.

सुटल्यावर दोघं डेकवर आले. बाकीच्यांनी जॅकेटं काढून टाकली होती. यांच्या ते लक्षात नव्हतं. खाली दोर सोडले जात होते, धक्क्याच्या आणि जहाजाच्या मध्ये पाण्याची एक पट्टी दिसू लागली होती. तिचा फोन वाजला. धाकटी.

बेकरने नाव वाचलं आणि तो शहाण्यासारखा दूर गेला. कठड्याला टेकून, पाठ करून, समुद्राकडे बघत उभा राहिला. त्याची पाठ बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. आत्तापर्यंत कधी गेली नव्हती अशी.

"अहो!" ती ओरडली. भर दुपारी, एवढ्या माणसांत, इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच ओरडली होती. दोनचार नवरे वळले. "इकडे या. तिकडून कान देण्यापेक्षा इथे उभं राहून ऐका."

तो आला आणि उभा राहिला.

"ताई? कोणावर ओरडतेयस? आणि तुमचं जहाज अजून इथेच कसं?"

"यांच्यामुळे."

"जाऊ दे. ती नर्स दारात उभी आहे. बोल पटकन."

"दे तिला खोली."

"म्हणजे जमतंय तुमचं?"

"कुठलं जमतंय! अगं, हा माणूस इतकी वर्षं खोटं घोरतोय!"

"काय करतोय?"

"घोरतोय! मला ऐकू जावं म्हणून! माझं अक्षर न् अक्षर ऐकून बसलाय वर, आणि मला याच्या चहातली साखर माहीत नाही. एवढं फुकटात ऐकून घेतल्यावर मी याला असा सोडीन? तुझ्या मागच्या खोलीत येऊन बसू आणि हा मोकळा?"

"ताई, तुला उन्हाचा त्रास झालाय का? पाणी पी. मी काय म्हणते..." पुढचं तुटक आलं, मग आलंच नाही. तिने फोन कानापासून काढून बघितला. पाण्याची पट्टी आता चांगली रुंद झाली होती.

फोन पिशवीत टाकून ती नवऱ्याकडे वळली. तो परीक्षकासमोर उभं राहावं तसा हात मागे बांधून उभा होता.

"बोला," ती म्हणाली.

"काय?"

"काहीही. माझं सगळं तुम्हाला पाठ आहे. तुमचं मला काही ठाऊक नाही. बोला."

"असं एकदम..." बेकर घुटमळला. त्याने समुद्राकडे बघितलं, आपल्या पोटावरच्या केशरी पट्ट्याकडे बघितलं. पीठ फुगायची वाट बघणाऱ्या माणसाला घाई नसते; तशी तीही थांबली. शेवटी तो म्हणाला, "मला पोहता येतं."

"तुम्हाला?"

"चांगलं येतं. नदी ओलांडायचो."

"कधी?"

"लग्नाआधी."

"आणि हे मला आज सांगताय?"

"तसा विषय निघाला नाही."

"इतक्या वर्षांत?"

"कुठे निघणार होता?" बेकर म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "जिन्यात? मैदा संपला, नळ गळतोय आणि मला पोहता येतं?"

शेजारून जाणारे दातांचे डॉक्टर थबकले. जॅकेटं आता काढली तरी चालतील, असं त्यांना सांगायचं असावं. पण बायकोने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते तोंड मिटून पुढे गेले. तिने एक खुर्ची ओढली, खरखर आवाज करत, आणि तिच्यासमोर दुसरी ओढली.

"बसा," ती म्हणाली. "कुठली नदी?"